१९ टक्के वेगवान म्हणजे नेमकं काय?

नव्या पिढीचा प्रोसेसर बाजारात येण्याआधी त्याचा एक आकडा येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये एएमडीने ‘झेन ३’ जाहीर केला तेव्हा तो आकडा होता १९ टक्के. तो वाचून अनेकांनी धरून चाललं, की आता आपलं प्रत्येक काम तेवढंच लवकर उरकणार. तसं होत नाही.

हे १९ टक्के आयपीसीचे होते, म्हणजे क्लॉकच्या एका सायकलमध्ये सरासरी किती सूचना पार पडतात त्याचे. जुना आणि नवा, दोन्ही आठ कोअरचे प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झवर कायम ठेवून, निवडलेल्या २५ कामांवरून ही सरासरी काढली होती. माप चोख आहे, पण तुमचं काम त्या सरासरीच्या वर की खाली हे ते सांगत नाही. झेन २ मध्ये चार-चार कोअरच्या गटाला १६ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरमधलाच जलद साठा) होती. झेन ३ मध्ये आठही कोअरना मिळून एकत्र ३२ एमबी दिली. कॅश एकूण तेवढीच, पण एकेका कोअरला दुप्पट साठा हाताशी आला. सारखं रॅमकडे धावणाऱ्या गेम्सना याचा घसघशीत फायदा झाला. ज्या कामाचा डेटा आधीच्याच कॅशमध्ये मावत होता, त्याला या बदलातून फारसं काही मिळालं नाही. आणि वेग १९ टक्क्यांनी वाढला, तरी १०० सेकंदांचं काम ८१ नव्हे, ८४ सेकंदांत होतं.

‘नॅनोमीटर घटले तरच वेग वाढतो’ हा समजही इथेच खोटा ठरतो. झेन २ आणि झेन ३, दोन्ही टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर तंत्रावरच बनले.

गिगाहर्ट्‌झवरचा विश्वास मात्र फार चिवट. २००० साली आलेला १.४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ कित्येक कामांत १ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ३ च्या मागे पडला होता. क्लॉक वाढवण्यासाठी त्याची पाइपलाइन २० टप्प्यांची केली होती. ब्रँचचा, म्हणजे पुढे कोणत्या सूचना चालवायच्या याचा, अंदाज चुकला की त्या लांबलचक पाइपलाइनमधलं अर्धवट काम टाकून पुन्हा सुरुवात. उलट एएमडीचा २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी क्लॉकमध्ये साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, पण ९६ एमबी एल-३ कॅशच्या जोरावर बहुतेक गेम्समध्ये सरस.

मग आधी दिलेले अंदाज म्हणजे निव्वळ जाहिरात का? मला हे मान्य नाही. सिलिकॉन हातात येण्याच्या कितीतरी आधी अभियंते प्रोसेसरचं सॉफ्टवेअर मॉडेल बनवतात, त्यावर खऱ्या प्रोग्रामच्या सूचना चालवतात आणि कॅश किंवा ब्रँच प्रेडिक्टर बदलला की काय फरक पडतो ते मोजतात. अमुक कॅशमुळे रॅमच्या किती फेऱ्या वाचतील हे यातून बरंच नेमकं कळतं. पहिल्या झेनसाठी एएमडीने ४० टक्के आयपीसी वाढीचं लक्ष्य सांगितलं होतं; २०१७ मध्ये प्रत्यक्षात ५२ टक्के वाढ झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. खरी अनिश्चितता असते क्लॉक, उष्णता आणि वीज यांची. ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ इंटेलला २००४ मध्ये रद्दच करावा लागला.

कोअर वाढवून वेग किती वाढेल, हा हिशेब तर १९६७ मध्येच जीन अ‍ॅमडाल यांनी मांडून ठेवला आहे. कामाचा ८० टक्के भाग वाटून देता येत असेल, तर १६ कोअरवर वेग चौपट होतो; कोअर कितीही वाढवले, तरी तो पाचपटीच्या पुढे जात नाही.