साथीच्या काळांतील छोटा दुकानदार

५ जून २०२० रोजीं मुंबई-पुण्यासारख्या महाराष्ट्रांतील मोठ्या शहरांच्या बाजारपेठा सुमारें अडीच महिन्यांनंतर उघडल्या. पण रस्त्याच्या एकाच बाजूच्या. समोरच्या बाजूच्या दुकानदारांची पाळी दुसऱ्या दिवशीं होती. विषम तारखेस एक बाजू, सम तारखेस दुसरी, वेळ सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच, असा तो नियम होता. मॉल आणि बाजारसंकुलें बंदच राहिलीं. आणि ज्या वस्त्या प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाल्या होत्या, तेथें ही सवलतही नव्हती. २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी सैल करण्याच्या या क्रमाला राज्य सरकारनें 'पुनश्च हरिओम' असें नांव दिलें. लोकमान्य टिळकांनीं तुरुंगांतून सुटून आल्यावर 'केसरी'च्या अग्रलेखास दिलेलें हें नांव. टिळकांना तो तुरुंगवास घडला १८९७ सालीं, पुण्यांतील प्लेगच्या धामधुमींत. आणि त्याच वर्षीं प्लेगच्याच निमित्तानें इंग्रज सरकारनें केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला होता. योगायोग म्हणावा तो असा.

त्या जुन्या कायद्यांत एक लहानसा वाक्यांश आहे. साथीच्या बंदोबस्तासाठीं होणारा खर्च कोणीं व कसा सोसावा हें सरकारनें ठरवावें असें सांगतांना, त्यांत नुकसानभरपाई, ती दिल्यास, धरावी अशा अर्थाचे शब्द घातलेले आहेत. या 'दिल्यास' शब्दांत सव्वाशें वर्षांनंतरच्या दुकानदाराची सारी स्थिति सांठविलेली होती. दुकान बंद ठेवण्याचा हुकूम काढण्याचा सरकारचा अधिकार निश्चित होता. त्याबद्दल कांहीं देण्याचें बंधन निश्चित नव्हतें.

दुकान उघडण्याची परवानगी मिळणें आणि दुकान चालणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कापडाच्या दुकानांत कपडे अंगावर घालून पाहण्याची खोली वापरण्यास मनाई होती, तसेंच विकलेला माल बदलून देण्यास किंवा परत घेण्यासही. रोगाचा प्रसार टाळावा हा हेतु रास्तच. परंतु मुलाचा सदरा नुसत्या अंदाजानें घ्यावयाचा आणि तो आखूड झाला तर कपाटांत ठेवून द्यावयाचा, अशा अटीवर कापड घेण्यास किती गृहिणी तयार होतील? केशकर्तनालयें २८ जूनपासून उघडलीं. केस कापण्यास मुभा होती, दाढी करण्यास नव्हती; कारण त्वचेशीं संबंध येणारें काम निषिद्ध होतें. गिऱ्हाइकानें वेळ ठरवून यावें, प्रत्येकाचें काम झालें कीं खुर्ची निर्जंतुक करावी, टॉवेल एकदां वापरून टाकावयाचे घ्यावे. म्हणजे गिऱ्हाइकें कमी, मिळकतीचें एक अंग तुटलेलें, आणि दर गिऱ्हाइकामागें खर्च मात्र पूर्वींपेक्षां अधिक. हॉटेलांत बसून खाण्यास ५ ऑक्टोबरची वाट पाहावी लागली, तीही निम्म्या जागांसाठीं. खुर्च्या निम्म्या झाल्या म्हणून भट्टी निम्मी जळत नाहीं.

सम-विषम तारखांच्या हिशेबांतही एक गंमत होती. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशींची १ तारीखही विषम. तेव्हां ३१ दिवसांचा महिना संपला कीं नियमाच्या शब्दाप्रमाणें एका बाजूला लागोपाठ दोन दिवस धंदा आणि दुसऱ्या बाजूला लागोपाठ दोन दिवस कुलूप. मुंबईंत ऑगस्टच्या ५ तारखेपासून दोन्ही बाजूंचीं दुकानें रोज उघडूं लागलीं, तेव्हां हा पेंच सुटला.

अर्ध्या विक्रीनें दुकानदाराचें काय होतें हें नीट समजण्यासाठीं एक उदाहरण मांडून पाहावें. समजा, एका लहान दुकानांत महिन्याला १ लाख ८० हजार रुपयांची विक्री होते आणि मालाची खरेदी वजा जातां शेंकडा २० उरतात, म्हणजे ३६ हजार. त्यांतून जागेचें भाडें १२ हजार, नोकराचा पगार ८ हजार आणि विजेचें बिल वगैरे २ हजार असे २२ हजार गेले, कीं मालकाच्या घरखर्चास १४ हजार राहतात. आतां विक्री निम्म्यावर आली असें धरा. उरणारे ३६ हजार आतां १८ हजार झाले. भाडें, पगार व वीज मिळून २२ हजार तसेच राहिले. दर महिन्याला ४ हजारांची तूट. आणि घरांत चूल पेटावयाची आहे ती निराळीच! विक्री निम्मी झाली म्हणून मिळकत निम्मी होत नाहीं. ती शून्याच्याही खालीं जाते. नोकराला काढून टाकावें तर तूट भरून निघते, पण मग त्याच्या घरची चूल विझते. कित्येक दुकानांत अखेर तसेंच झालें.

या तुटीवर सरकारनें जी मदत योजिली तिचा मोठा भाग कर्जाच्या रूपानें होता. प्रथम, २७ मार्च २०२० रोजीं रिझर्व्ह बँकेनें कर्जाचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा बँकांना दिली. ती पुढें ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला तरी व्याज थांबलें नव्हतें, आणि थकलेल्या व्याजावर पुन्हां व्याज आकारावें कीं नाहीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या काळापुरतें व्याजावर व्याज घेऊं नये, असा निकाल २३ मार्च २०२१ रोजीं लागला.

दुसरी योजना मे २०२० मध्यें आली आणि तिचा आकडा मोठा होता: ३ लाख कोटि रुपयांचीं विनातारण कर्जें. या कर्जांस सरकारची पूर्ण हमी होती. हमी म्हणजे देणगी नव्हे. कर्जदार बुडाला तर बँकेचे पैसे भरून मिळतील, एवढाच तिचा अर्थ. कर्जदाराच्या डोक्यावरील रक्कम तिच्यानें एक रुपयानेंही कमी होत नाहीं. चार वर्षांची मुदत, पहिलें वर्षभर मुद्दल फेडावयाचें नाहीं, आणि बँकांनीं व्याज शेंकडा ९.२५ हून अधिक घ्यावयाचें नाहीं, या अटी सौम्य होत्या हें मान्य केलें पाहिजे. खरी अडचण निराळीच होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं धंद्याच्या नांवें जें कर्ज शिल्लक असेल त्याच्या शेंकडा २० इतकेंच नवें कर्ज मिळावयाचें होतें. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या ज्या दुकानदारानें उभ्या जन्मांत बँकेचें कर्ज काढलें नाहीं, त्याला शून्याचे शेंकडा वीस मिळाले. काटकसरीला असें फळ मिळावें हें विचित्र खरें. पण बँकेला तिच्या वहींत नसलेला माणूस दिसत नाहीं.

दुकानदाराहूनही खालच्या पायरीवर हातगाडीवाला आणि पदपथावरचा विक्रेता. त्याचें भांडवल रोज फिरतें: पहांटे बाजारांतून भाजी घ्यावी, संध्याकाळपर्यंत ती विकावी, त्यांतून घरखर्च काढून उरलेल्या पैशांनीं दुसऱ्या पहांटे पुन्हां माल घ्यावा. हें चाक कांहीं आठवडे थांबलें कीं भांडवलच खाऊन बसावें लागतें, आणि परवानगी मिळते त्या दिवशीं गाडी असते, माल नसतो. मग दिवसाच्या व्याजानें पैसे देणारा सावकार. त्याच्या तावडींतून या लोकांस सोडविण्यासाठीं १ जून २०२० रोजीं सुरू झालेली 'पीएम स्वनिधि' ही योजना विचारानें चांगली होती. विनातारण १० हजार रुपये, फेड वर्षभरांत मासिक हप्त्यांनीं, हप्ते वेळेवर भरल्यास व्याजांत शेंकडा ७ ची सूट, आणि फेड पुरी झाल्यावर पुढलें कर्ज २० हजारांचें. मुद्दलाचा मासिक हप्ता सवा आठशेंच्या वर, म्हणजे रोजचे अठ्ठावीस रुपये; भाजीवाल्यास तो झेपण्याजोगा होता.

परंतु येथेंही कागद आड आला. २४ मार्च २०२० रोजीं किंवा त्यापूर्वीं आपण विक्री करीत होतों हें नगरपालिकेच्या दाखल्यानें किंवा शिफारसपत्रानें दाखवावें लागे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणें दर पांच वर्षांनीं विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना प्रमाणपत्रें द्यावयाचीं होतीं. पुष्कळ शहरांत हें काम साथीपूर्वीं अर्धवटच राहिलें होतें. एप्रिल २०२१ मध्यें दुसरी लाट आली आणि राज्यांत पुन्हां कडक निर्बंध लागले. त्या वेळीं राज्य सरकारनें कर्ज न देतां रोख मदत दिली, हें विशेष. ५,४७६ कोटि रुपयांच्या त्या योजनेंत ५ लाख फेरीवाल्यांना आणि १२ लाख रिक्षाचालकांना प्रत्येकीं दीड हजार रुपये जाहीर झाले. परंतु फेरीवाला नोंदणीकृत आणि रिक्षाचालक परवानाधारक असला पाहिजे, ही अट होतीच. शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकीं एकीला मदत आणि दुसरीला नाहीं, आणि याचें कारण भुकेंत नव्हे, नोंदवहींत.

अमेरिकेनें याच सुमारास कर्ज आणि देणगी यांची सांगड घातली होती. मार्च २०२० च्या कायद्यानें तेथील लहान धंद्यांना शेंकडा १ व्याजानें कर्ज मिळे, आणि त्याचा ठरलेला भाग नोकरांच्या पगारावर खर्च केल्यास तें माफ होई. वरील उदाहरणांतील दुकानाला असें कर्ज मिळतें तर नोकर राहता आणि देणेंही न राहतें. पण पहिले ३४९ अब्ज डॉलर दोन आठवड्यांच्या आंतच संपले, आणि बँकेशीं ज्यांचा आधींपासून घरोबा होता त्यांचाच नंबर आधीं लागला, अशी तक्रार तेथेंही झाली.

जून २०२१ पासून राज्यांत जिल्ह्यांचे पांच स्तर पाडून, बाधितांचें प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटा पाहून दुकानांच्या वेळा ठरूं लागल्या. तिसऱ्या स्तरांत दुपारीं चार वाजतां दुकान बंद. संध्याकाळीं कचेरी सुटल्यावर खरेदीस निघणारें गिऱ्हाईक त्यांत गेलें. सारे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्यास. चार वर्षांच्या मुदतीचीं कर्जें ज्यांनीं २०२० च्या अखेरीस घेतलीं होतीं, त्यांचे हप्ते मात्र त्यानंतरही अडीच वर्षें चालू राहिले. फेरीवाल्यांच्या योजनेची मुदत केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२५ मध्यें ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविली आणि पहिल्या कर्जाची रक्कम १० हजारांवरून १५ हजार केली; विक्रेता म्हणून ओळख पटविणारा कागद अर्जासोबत अजूनही लागतो.