पाव आणि सॉसेज

शेतावर जाणारा कुणबी भाकरीवरच ठेचा व कांदा घेतो, तेव्हां भाकरी हेंच त्याचें ताट होतें आणि जेवणाबरोबर ताटहि संपतें. युरोपांतील श्रमजीवी लोकांनीं हीच युक्ति सॉसेजसाठीं योजिली. मांसाचा खिमा मीठमसाला घालून स्वच्छ केलेल्या आंतड्यांत भरला म्हणजे सॉसेज होतें. विस्तवावरून काढलेलें तें हातांत धरवत नाहीं, शिवाय चरबी गळते. म्हणून पाव हवा. परंतु पावानें कोणतें काम करावें हें प्रत्येक देशानें आपापल्या परीनें ठरविलें आहे.

जर्मनींत पाव म्हणजे केवळ चिमटाच. थुरिंगिया प्रांतांत जवळजवळ वीतभर लांबीचें, कोळशावर भाजलेलें सॉसेज लहानशा पावांत मधोमध धरून देतात. दोन्ही टोंकें बाहेर, वर मोहरी. न्युर्नबर्गचीं सॉसेजें बोटाएवढीं, एकेक सुमारें २० ते २५ ग्रॅमचें. म्हणून तेथें एका पावांत तीन घालतात. चेक लोक लांबट पावाचें टोंक कापून आंत भोंक पाडतात व त्यांत मोहरी घालून सॉसेज सरकवितात. कपड्यांस डाग लागूं नये म्हणून याहून बरी तोड आम्हांस सुचत नाहीं.

जर्मनांबरोबर ही चाल अमेरिकेस गेली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकांठीं चार्ल्स फेल्टमन हा जर्मन गृहस्थ लांब पावांत सॉसेज घालून विकीत असे. त्याच्याच पदरीं पाव कापणाऱ्या नेथन हँडवर्कर या पोलंडांतून आलेल्या ज्यू तरुणानें १९१६ सालीं स्वतःचें दुकान मांडून तोच जिन्नस, गोमांसाचा, १० ऐवजीं ५ सेंटांस दिला. हाच ‘हॉट डॉग’. जून १९३९ मध्यें राजे सहावे जॉर्ज अमेरिकेस गेले, तेव्हां राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वनभोजनांत त्यांस तो खाऊं घातला. अध्यक्षांच्या मातोश्रींस हा बेत मुळींच रुचला नव्हता. राजेसाहेबांनीं मात्र आणखी मागून घेतला, असें वृत्तपत्रांनीं छापलें.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. दुसऱ्याच्या डब्यांत डोकावून नाक मुरडण्याची खोड शाळांतून फार आहे, आणि तिच्यामुळें गोव्याकडचीं मुलें आपला चोरीस-पाव झांकून खातात. ज्यांस तें मांस वर्ज्य आहे त्यांनीं खावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण तें काय आहे हें तरी जाणावें.

पाव आणि मिरची हीं दोन्ही पोर्तुगीजांनीं गोव्यांत आणिलीं, चोरीसहि त्यांचेंच. गोमंतकीय गृहिणींनीं त्याची चव पालटली. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ लावून, माडीच्या शिरक्यांत वाटलेल्या मिरची-लसणींत मुरवितात. मग आंतड्यांत भरून, दोऱ्यानें आवळून मण्यांची माळ करितात व उन्हांत वाळवितात. पावसाळ्यांत मासळी दुर्मिळ झाली म्हणजे ही माळ कामास येते. येथें सॉसेज अखंड ठेवीतच नाहींत. मणी फोडून, कांदा घालून, थोड्या पाण्यांत आपल्याच चरबींत शिजवितात. या पावाला चिमटा होणें ठाऊक नाहीं. त्यानें रस प्यावयाचा असतो. पोदेर सायकलवर भोंपू वाजवीत आला कीं त्याच्याकडून ताजा पाव घ्यावा, मधें चिरावा आणि चोरीस भरून क्षणभर दाबून धरावा, म्हणजे तांबडा रस तळापर्यंत उतरतो.