शस्त्रक्रियागृहातून रंगमंचाकडे

पुण्यातील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. वरवर पाहता हे केवळ धाडस वाटते. परंतु त्यामागे विद्यार्थिदशेपासून जोपासलेली आणि पुढे व्यवसाय सांभाळून केलेली नाट्यसाधना होती. पुढच्याच वर्षी वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेने त्या निर्णयाचे सार्थक झाले.

व्यवसाय बदलू इच्छिणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. आवड प्रथम फावल्या वेळात पारखावी, कर्जाचे हप्ते व किमान वर्षभराचा घरखर्च यांची तजवीज करावी आणि मगच राजीनामा लिहावा. पूर्वतयारीची जोड असेल, तर चाळिशीतला आरंभही उशिराचा ठरत नाही.