परसातली न्हाणी घरात आली तेव्हापासून

चिखलीच्या जुन्या घरांची न्हाणी परसात असायची. चार पत्र्यांचा नाहीतर तट्ट्याचा आडोसा, पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा, शेजारी तांब्याचा बंब किंवा तीन दगडांची चूल. सांडलेलं पाणी अळूच्या नि केळीच्या बुडाशी जाई. उतार थोडा चुकला, फरशीची सांध उघडी राहिली तरी कोणाचं काही बिघडत नसे. पाणी जमिनीत मुरायचं, उरलेलं ऊन वाळवून टाकायचं. गेल्या पन्नासेक वर्षांत ही न्हाणी आधी मागच्या पडवीत आली, मग घरात शिरली आणि स्लॅब पडले तशी वरच्या मजल्यावर चढली. पाणी वापरायची आपली रीत मात्र परसातलीच राहिली. बाथरूम नव्याने करताना आज ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ मला इथे दिसतं.

आपला भाग घाटावरचा, पाण्याची ओढ कायमची. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीने घर बांधताना पहिला विचार पाणी साठवायचा केला, आणि तो रास्तच होता. नळ रोज येत नाही हे धरूनच घरं बांधली गेली. त्यातून बाथरूमच्या कोपऱ्यात विटांचा हौद आला, तोही घराच्याच भिंतीला चिकटून. आतून सिमेंटचा गिलावा, बाहेर झोपायची खोली. काही वर्षांत गिलाव्याला केसासारख्या चिरा पडत आणि पलीकडच्या भिंतीचा रंग फुगून पोपडे सुटत. लोक दर दिवाळीला ती भिंत रंगवत राहिले. हौद रिकामा करून तपासावा हे फार उशिरा सुचलं. ओल दिसते तिथली नसते, हा धडा त्या हौदांनी दिला.

नंतर संडासही घरात आला. राज्यात 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, 2014 पासून स्वच्छ भारत मिशनमधून शौचालयाला बारा हजारांचं अनुदान मिळू लागलं, आणि तालुक्यातल्या खेड्यांतही न्हाणी-संडास एका छताखाली बांधले जाऊ लागले. स्लॅबच्या घरात संडासाचं भांडं बसवायला बाथरूमपुरता स्लॅब फूटभर खाली घेतात आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी नाहीतर मुरमाने भरतात. हा भराव पाणी पिऊन बसतो. वर दुरुस्ती करणारा नवी टाइल लावून मोकळा होतो, खालच्या खोलीचं छत मात्र गळतच राहतं. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा सोपा मार्ग अशा ठिकाणी मुळीच घेऊ नये. भराव उकरून, स्लॅब उघडा करून, कोपऱ्यांना वाटा मारून वॉटरप्रूफिंग करावं. ते जमिनीपुरतं न ठेवता भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याइतकं चढवावं. मग नळी बोळ्याने बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवावं आणि खाली जाऊन छत पाहावं. टाइल त्यानंतर.

हे सगळ्यांना सांगून कळतं, तरी होत नाही, आणि त्याचं कारण आपल्या वर्षाच्या गणितात आहे. हातात पैसा येतो सोयाबीन, तूर, हरभरा विकल्यावर. घरात लग्न निघतं ते एप्रिल-मे महिन्यात. म्हणून बाथरूम फोडायचं काम ऐन उन्हाळ्यात सुरू होतं, पाहुणे यायच्या आत संपवायचं असतं आणि नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं. गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारायला हवं. चाळीस अंशांच्या उन्हात तो दोन दिवसांत कोरडा पडतो, कारण पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. पाणी कोंडून तपासायला तर कोणीच तयार नसतं. लग्न थाटात होतं आणि श्रावणात छतावर पहिला डाग उमटतो. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला सगळ्यात चांगले. विहिरी-बोअरला पाणी असतं, ऊन मवाळ असतं. तारीख ठरवताना एवढं पाळलं तरी अर्धी गळती टळेल.

टाइल्सची गोष्ट अलीकडची. पूर्वी सहा इंची पांढरी टाइल कमरेइतकी लावली की बाथरूम झालं. पुढे गुजरातच्या मोरबीहून ट्रक येऊ लागले आणि खामगाव चौफुलीपासून मेहकर फाट्यापर्यंत हिंडलं तरी निवड होईना इतका माल दिसू लागला. दोन बाय चार फुटांची चकचकीत टाइल भिंतीवर शोभते. चार बाय सहाच्या बाथरूमच्या जमिनीवर ती घातली की चारी बाजूंनी जाळीकडे उतार देताच येत नाही, आणि साबणाच्या पाण्यावर पाय सटकतो. जमिनीला लहान आणि खरखरीतच टाइल हवी, उतार दहा फुटांना दीड ते दोन इंच. उतार पाहायचा तो टाइल बसण्याआधी, तांब्याभर पाणी ओतून.

शो-रूममधला मोठा शॉवर घरी आणला की त्यातून धार पडते, पाऊस पडत नाही. तिथे पंपाचा दाब असतो. आपल्याकडे गच्चीवरची टाकी. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब मिळतो, आणि वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते. टाकी उंचावावी किंवा कमी दाबावर चालणारा साधा शॉवर घ्यावा. बोअरचं पाणी जड, म्हणून शॉवरची छिद्रं आणि गिझरची कॉइल क्षाराने भरतात; भिंतीत गाडलेल्या वस्तू जितक्या कमी, तितकं बरं. जे पाइप गाडावेच लागतील त्यांची दाबाने चाचणी घ्यावी आणि टाइल लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. विजेच्या गिझरला सोळा अँपिअरचं वेगळं कनेक्शन आणि गळता प्रवाह तोडणारा स्विच लागतोच. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने महाराष्ट्रात माणसं गेली आहेत.

बाहेरची बाजू कोणी पाहत नाही. काळ्या मातीचा प्लॉट असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीतून चेंबरकडे जाणारा पाइप सांध्यावर तुटतो. पाइपाभोवती मुरूम-वाळूची भर घालून सांधा थोडा हलता ठेवला तर तो टिकतो.

आता जी बाथरूम फोडली जात आहेत, त्यांतली कित्येक आईवडिलांच्या गुडघ्यांसाठी. भारतीय भांडं काढून कमोड बसवला की काम झालं असं समजतात. दार निदान अडीच फुटांचं हवं आणि ते बाहेर उघडणारं हवं. आत कोणी पडलं तर शरीर दाराला अडतं आणि आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कमोडशेजारची धरायची दांडी पक्क्या विटांच्या भिंतीत बसवावी, पोकळ पार्टिशनमध्ये ती माणसाच्या वजनाने उपटून येते. उंबरठा दोन इंचांपेक्षा उंच नको. आणि दिव्याचं बटण दाराबाहेर, अंथरुणातून उठल्यावर हात जाईल अशा उंचीवर.