जुन्या वस्तीत, जोडीने

माझ्याकडे येणारी ज्येष्ठ जोडपी ‘रोज फिरायला जातो’ असे सांगतात, तेव्हा मी आवर्जून विचारतो, ‘बरोबर चालता का?’ बहुधा उत्तर येते, ‘हे पुढे, मी मागे!’ वाचकहो, मागे राहिलेल्याला दम लागतो की गुडघा दुखतो, हे पुढच्याला कळणार कसे?

बरोबर चालण्यास जुन्या वस्तीसारखी जागा नाही. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, सिद्धेश्वराचे मंदिर आहे. याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९-१७९४) येथे राहिले. त्यांच्याही आधी, १७१८ साली, श्रीधरांनी ‘शिवलीलामृत’ येथेच पूर्ण केले. श्रावणात अकरावा अध्याय वाचणाऱ्या कित्येक भगिनींना हे ठाऊक नसते. असे काही सांगता-ऐकताना पावले आपोआप संथ होतात. बोलता बोलता वाक्य तुटू लागले, तर वेग आपल्याला झेपत नाही, असे समजावे.

पुढच्या रविवारी आम्ही उभयता इंदापूरला गेलो. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. गावात त्यांची गढी आहे, चाँदशहावलींचा दर्गाही आहे. पंढरीला जाणारी तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते. शहाशरीफ या पिराच्या नावावरून मालोजीराजांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. ही कथा मी पत्नीला एका दमात सांगितली नाही. तीन वेळा थांबून सांगितली.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘‘अहो, परवा कऱ्हेकाठी तुम्ही इतके थांबला नव्हता. आणि हात सारखा छातीकडे का जातोय?’’

‘‘पित्त,’’ मी म्हणालो. रुग्णाने असे उत्तर दिले असते, तर मी त्याला रागावलो असतो.

दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी निर्दोष होता. विश्रांतीतला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतातच, असे नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसला, मग अँजिओग्राफी, एक स्टेंट. चालताना छाती आवळणे आणि थांबताच बरे वाटणे, हे हृदयाचे गाऱ्हाणे असू शकते. पोटरीत तसाच गोळा येत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात. थांबूनही छातीतले दुखणे ओसरत नसेल, घाम फुटत असेल, तर घरी न जाता थेट रुग्णालय गाठावे, आणि गाडी स्वतः चालवू नये.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. वाहाणा घट्ट बसणाऱ्या हव्यात. जुन्या बोळांतली फरसबंदी कुणाची भीड ठेवत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा इंदापूरला गेलो. मी न थांबता दर्ग्यापर्यंत चाललो. वाटेत एका जुन्या दारापाशी तीच थांबली.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही, नक्षी पाहतेय.’’

मी तिच्या गुडघ्याकडे पाहिले.