विटेचे स्थलांतर : इंग्रजी शेतावरचे घर आणि कोलकात्याची बागानबाडी

एखादा वाङ्मयप्रकार एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेला असता त्याचे नेमके काय टिकते, हा तौलनिक अभ्यासातील मूलभूत प्रश्न वास्तुप्रकारांनाही लागू पडतो. कोलकात्यातील बागानबाडी हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

पूर्व इंग्लंडमध्ये बांधकामाचा दगड दुर्मीळ असल्याने सतराव्या-अठराव्या शतकांत तेथील सधन शेतकऱ्यांची घरे विटांची झाली. त्यांतील वीट उघडी असते. लांबीने व रुंदीने आलटून पालटून बसवलेल्या विटांची नक्षी हेच त्या भिंतीचे अलंकरण. कौलारू उतरते छप्पर, घराचे केंद्र ठरणारी चूल व तिचे उंच धुराडे आणि लगतची धान्याची कोठारे यांतून घर व शेती यांचे एकत्व व्यक्त होते.

गंगेच्या गाळाच्या प्रदेशातही दगड नाही. म्हणून कोलकाताही विटांचेच शहर झाले. मात्र समान कारणाचा परिणाम समान झाला नाही. दमट हवा व मुसळधार पाऊस यांमुळे वीट चुना-सुरखीच्या गिलाव्याखाली गेली आणि त्या गिलाव्याला दगडाचा आभास देण्यात आला. उतरत्या छपराऐवजी तुळयांवर पेललेली गच्ची आली. दक्षिणेचा वारा घेणारा व्हरांडा आणि पट्ट्यांच्या झडपा यांना महत्त्व आले. चुलीचे केंद्रस्थान मात्र लोपले.

अधिक मूलगामी बदल आशयाचा होता. मराठा स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खणावयास घेतलेला खंदक अपुराच राहिला. १७५७ नंतर ही धास्ती ओसरली, तसे युरोपीय रहिवासी शहराबाहेर मोकळ्या जागेत घरे बांधू लागले. वॉरन हेस्टिंग्जने अलीपूर येथे सुमारे १७७७ मध्ये बांधलेले घर याच परंपरेतील. येथे भोवतालची जमीन उत्पादनाचे साधन उरली नाही. ती विसाव्याची व प्रतिष्ठेची पार्श्वभूमी झाली. शेतावरच्या घराचे एकाकीपण टिकले, शेती गळाली.

पुढे बंगाली भद्रलोकांनी हा प्रकार आत्मसात केला, तेव्हा त्याला तिसरा अर्थ लाभला. ‘जीवनस्मृति’मध्ये (१९१२) रवींद्रनाथांनी डेंग्यूच्या साथीमुळे कुटुंबासह पानिहाटीच्या गंगाकाठच्या बागेत काढलेले दिवस आठवले आहेत. वसाहतीच्या सत्तेची खूण असलेली वास्तू तेथे बालमनाला जग प्रथमच खुले करणारी जागा ठरते.

मराठीतील ‘बंगला’ हा शब्दही मुळात बंगालच्या साध्या झोपडीवजा घराचा वाचक; इंग्रजी वापरातून तो संपन्नतेचा निदर्शक झाला. म्हणजे प्रवासात घराचे रूप बदलते, तसा त्याच्या नावाचा दर्जाही. अशा स्थित्यंतराला केवळ अनुकरण म्हणणे अपुरे ठरते. मूळ रूपातून काय गळाले आणि त्या रिकाम्या जागी नव्या भूमीने काय भरले, याची नोंद घेणे हेच तौलनिक दृष्टीचे कार्य होय.