वरच्या मजल्यावरील खलबत्ता

रोह्याजवळ धाटाव येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. रसायनाला सूर्यास्ताचें बंधन नसतें. एकदां सुरू झालेली क्रिया मध्यरात्रीं थांबवितां येत नाहीं, म्हणून माणसें पाळ्यांनीं कामावर जातात. रात्रपाळी करून परतलेला कामगार न्याहारी आटोपून अंथरुणावर अंग टाकतो, आणि नेमकी त्याच वेळीं वरच्या सदनिकेंतील गृहिणी लसूण-खोबऱ्याची चटणी कुटण्यास खलबत्ता घेऊन बसते. तिच्या दृष्टीनें सकाळचे दहा वाजलेले असतात. त्याच्या दृष्टीनें ती मध्यरात्र असते.

पेणचें घड्याळ आणखी निराळें. भाद्रपद जवळ आला म्हणजे गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून रात्रीं उशिरापर्यंत काम चालतें. उलट पनवेल-मुंबईकडे नोकरीस जाणारा शेजारी पहाटेची गाडी गांठावयाची म्हणून नऊलाच दिवा मालवितो. कौलारू घरांच्या काळांत हें खपून जात असे. वरवंट्याचा आघात सारवलेल्या मातींत जिरे, आणि शेजारी अंगणापलीकडे असे. आतां एकाची जमीन तेंच दुसऱ्याचें छत झालें आहे.

कायदा काय सांगतो? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्र म्हणजे रात्रीं 10 पासून सकाळीं 6 पर्यंतचा काळ. निवासी भागांत दिवसां 55 आणि रात्रीं 45 डेसिबल ही मर्यादा आहे. हा फरक दिसतो तितका लहान नाहीं. दहा डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दहापट होते. ध्वनिक्षेपकास आवर घालण्यास हे नियम उपयोगी आहेत. खलबत्त्यापुढें मात्र ते लंगडे पडतात. एक तर रात्रपाळीवाल्याची रात्र कायद्याच्या लेखीं भर दिवस आहे. शिवाय ही मर्यादा कांहीं काळाच्या सरासरीनें मोजली जाते. अधूनमधून पडणारा ठोका तींत बराचसा विरून जातो. झोप मोडते ती मात्र ठोक्यानें, सरासरीनें नव्हे.

आवाज घरांत दोन वाटांनीं येतो. बोलणें, गाणें, रेडिओ यांचा ध्वनि हवेंतून येतो. फटी बुजविल्या आणि भिंत जाड असली म्हणजे तो पुष्कळसा अडतो. आघाताची गोष्ट वेगळी. बत्ता आपटतांच काँक्रीटचा स्लॅबच थरथरतो, आणि खालच्या खोलीचें सबंध छत ढोलाच्या चामड्यासारखें वाजूं लागतें. ही थरथर खांबांतून दूरवर जाते. त्यामुळें तळमजल्यावरील पाण्याच्या पंपाचा दोष तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्याच्या बिचाऱ्या धुलाईयंत्रास दिला जातो. खालच्यानें जाड पडदे लावले तर त्याच्या खोलींतील घुमणें कमी होईल, छताची थरथर होणार नाहीं. उपाय वरच करावा लागतो, आणि तोहि आघात व लादी यांच्यामध्यें: चार पदरी गोणपाट, यंत्राखालीं रबराचे तुकडे, खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या. खर्च किरकोळ आहे; पण तो आपण कां करावा, हें वरच्याला पटत नाहीं, ही खरी अडचण.

तें पटत नाहीं यांत लबाडी नसते. कुटणारीला प्रत्येक ठोका केव्हां पडणार हें ठाऊक असतें, म्हणून तो तिच्या कानांना लागत नाहीं. खालचा माणूस पुढच्या ठोक्याची वाट पाहत पडून राहतो. दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीचा गजर रोह्यांत उठतो तेव्हां हाच माणूस आपण होऊन दारांत येऊन उभा राहतो. तो आवाज त्याचाहि असतो. “एवढासा तर आवाज!” असें वरचीनें म्हणावें आणि “डोक्यांत घण पडतात” असें खालच्यानें म्हणावें, यांत दोघेंहि खरेंच बोलत असतात.

सहकारी गृहसंस्थांच्या उपविधींत इतर सभासदांना उपद्रव न देण्याचा नियम असतो. तो घेऊन चिटणिसांकडे धांवण्यापूर्वीं वरच्या वहिनींना पांच मिनिटें खालीं बोलवावें, आणि त्यांच्या मुलाला वर बत्ता चालविण्यास सांगावें. मग तोच खलबत्ता खोलीच्या मधून उचलून भिंतीलगत, गोणपाटावर ठेवून पुन्हां कुटावें. छताखालीं बसलेल्या कानांना फरक सांगावा लागत नाहीं. कामगारानेंहि आपली पाळी केव्हां बदलते तें वर कळवावें. ती दिनदर्शिकेवर लिहिलेली असली म्हणजे त्या आठवड्याचें कुटणें संध्याकाळीं पांचनंतर काढतां येतें.